भाषणातली विजेची भट्टी

बाबा, गेल्या महिन्यात आई गेली. विक्रोळीच्याच स्मशानात तिला गॅसच्या दाहिनीत दिलं आणि राख चाळीमागच्या बकुळीच्या मुळाशी घातली. काका म्हणाले, "लाकडावर ठेव, नाशिकची गाडी मी सांगतो." मी नाही म्हटलं. एकदाच, आवाज न चढवता. इतकी वर्षं सभांतून मी हेच सांगत आलोय की मेलेल्या माणसासाठी उभं झाड जाळणं हा धर्म नाही, सवय आहे, आणि सवय मोडता येते. आजही माझं म्हणणं तेच आहे.

मुळात हे सगळं तुमचं. तुम्ही कारखान्यात ओतकामाच्या भट्टीवर होता, आगीची उधळपट्टी तुम्हाला खपायची नाही. रविवारची सकाळ आठवते. मोरीशेजारी बंब पेटलाय, मी त्यात फळकुटं कोंबतोय, आणि तुम्ही चहाची बशी खाली ठेवून विचारता, "पाणी तापवायचंय की चाळ?" मग त्याच दमात, आईकडे बघून, "मी गेलो की मला विजेच्या भट्टीत घाला. आमच्याकडे लोखंडाचं पाणी होतं, माझं काय घेऊन बसलात. आणि राख इथंच कुठल्यातरी झाडाला घाला. नाशिक बघायचं असतं तर जिवंतपणी गेलो असतो." आई म्हणाली, "चहा प्या आधी."

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होतो, वक्तृत्वाची ढाल नुकतीच घरी आणली होती. काका म्हणाले, "लाकडावर नाही दिलं तर गावात तोंड कसं दाखवू?" थोरला मुलगा मी, सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. तुम्ही लाकडावर गेलात, आणि तिसऱ्या दिवशी मडकं मांडीवर घेऊन मीच नाशिकला गेलो.

पुढे एका सभेत बोलून गेलो, "माझ्या बापाला मी सगळ्या भावकीशी भांडून विजेच्या भट्टीत दिला." टाळ्यांनी मांडव दणाणला. मग प्रत्येक भाषणात तो किस्सा येऊ लागला. एकदा घाटकोपरला आई पहिल्या रांगेत होती. घरी येऊन मेथी निवडताना म्हणाली, "झकास बोललास मेल्या. ह्यांना कुठल्या भट्टीत घातलंस रे? मला कळलंच नाही." मी एक जुडी पुढे ओढून निवडायला बसलो. तिनेही ताणलं नाही. "माझ्या वेळी तरी भाषणासारखं कर. बकुळीखाली घाल. शेवग्याला नको, शेजारीण शेंगा नेते."

तिच्या वेळी केलं, बाबा. पण तुमच्याबद्दलचं खोटं तसंच उरलं होतं. काल भांडुपच्या सभेत तो किस्सा नेहमीच्या जागी आला तेव्हा सांगून टाकलं. बापाने बजावलं होतं, मी काकांना घाबरलो, बाप लाकडावर गेला. आईच्या वेळी घाबरलो नाही. सभा संपल्यावर एक म्हाताऱ्या बाई पुढे आल्या. म्हणाल्या, "माझ्या मुलालाही बोलता येत नाही चारचौघांत. मला भट्टीतच द्या, हे मी आत्ताच लिहून ठेवते." मी त्यांना माझं पेन दिलं.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. म्हणून हेही लिहितो. खरं सांगून झाल्यावर मी क्षणभर थांबलो होतो, नेहमी थांबतो तसा, टाळ्यांसाठी. टाळ्या पडल्या नाहीत, आणि मला वाईट वाटलं.