वरणफळांच्या मेलबाबत

२२ ऑक्टोबर २००९

नाही उघडत म्हणजे नाही उघडत! अनुश्री काल नागपूरला सासरी गेली आणि जाताना कम्प्युटरवर माझ्या मेलला हे कुलूप लावून गेली. दोन किल्ल्या म्हणे. एक सगळ्यांना वाटायची, दुसरी कुणाला म्हणजे कुणाला द्यायची नाही. आणि ती दुसरी चालवायला सव्वीस अक्षरांचं एक वाक्य! अक्षर चुकलं की लाल पाटी. आज सात वेळा लाल पाटी. कमरेला खोचता येत नाही ती कसली किल्ली?

पण करणार काय. आमच्या घरी टपाल आलं की मोठ्यानं वाचायचं, अशी पद्धत. माझ्या मेलचा पासवर्डही ह्यांच्याकडेच. सकाळी चहाबरोबर आधी ह्यांची मेल, मग माझी. पासवर्ड बदलला तर घरात महाभारत. म्हणून मेल येऊ दे, आतला मजकूर तेवढा कुलपात, असं पोरीचं म्हणणं. एवढं लपवायचं काय आहे ते मात्र सांगितलं नाही.

२६ ऑक्टोबर

उघडलं!

सकाळी ह्यांनी वाचायला घेतलं. विषय 'वरणफळं' आणि खाली पानभर गिचमिड. "काहून वो, हे काय येऊन राह्यलं? पोट्टीनं कम्प्युटरले रोग लावला!" मी म्हटलं, फॉन्ट नाही आपल्याकडे. इतक्या वर्षांच्या संसारात असं सराईत खोटं पहिल्यांदा बोलले.

हे इथल्याच गुढियारी मोहल्ल्यात नोकरीतल्या जुन्या रेल्वेवाल्यांकडे गेले तेव्हा उघडलं. आत वरणफळं नव्हतीच. आमचा जावई, निरंजन, रोज तिचा फोन तपासतो. ऑफिसातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की दारात उभा. मारत नाही, म्हणून कुणाला सांगताही येत नाही. ही मेलही ती ऑफिसातून लिहिते. शेवटी एकच ओळ — "आई, मले इथं नाही राहाचं आता."

खूप रडले. मग स्वतःचाच राग आला. स्थळ मीच पसंत केलं होतं.

३१ ऑक्टोबर

पुन्हा 'वरणफळं'! विषय एक, मजकूर भलताच. अठ्ठावीस वर्षं सरकारी ऑफिसात आवक-जावक सांभाळतेय मी. असलं पत्र आमच्या टेबलावर आलं असतं तर शेरा मारून परत धाडलं असतं.

५ नोव्हेंबर

ह्यांना चाचपून पाहिलं. शेजारच्या कुसुमताईंची लेक माहेरी परत आली, असं सांगितलं. "भांड्याले भांडं लागतेच. नांदाले दिली पोट्टी, आपण मधात पडाचं नाही." आणि आपली असती तर? चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

दगडावर डोकं आपटून काय होणार!

१४ नोव्हेंबर

तिनं तिकीट काढलं. गुरुवारी १९ला, दुपारी दोनला इथे पोचते. कायमची. "बाबाले नको सांगू. ते निरंजनले फोन करतीन समजूत घालाले, अन् तो मले घरातून निघूच नाही देणार."

१६ नोव्हेंबर

माझं पहिलं कुलूपबंद पत्र! दीड तास लागला. मजकूर मराठीत — ये बाळ, मी आहे. विषय मात्र रीतीप्रमाणे, ऑफिसात लिहिते तसाच, इथल्या सरकारी हिंदीत :

"विषय :— चि. अनुश्री के दि. १९ को स्थायी रूप से मायके आने के संबंध में।"

असं लिहावं पत्र. पोरीला शिकवायला हवं.

१७ नोव्हेंबर

ऑफिसात तिचा फोन. "आई! विषयाले कुलूप नसते! आतलंच बंद होते फक्त! म्हणून तं मी वरणफळं लिहून राहिली होती!"

मग सांगायचं नाही? किल्ल्यांचं पुराण दोन तास ऐकवलं आणि नेमकं हेच राहिलं! आणि मी तिला शिकवायला निघाले होते — शहाणी!

अर्धी रजा टाकून ऑटोनं घरी आले. कम्प्युटर चालू, शेजारी चहाचा रिकामा कप. पाठवलेल्या मेलमध्ये सगळ्यात वर माझा विषय, ठळक. हे घरात नाहीत. संध्याकाळी आले, जेवले. "भाजीत मीठ कमी हाय." बस, एवढंच.

१८ नोव्हेंबर

हे दिवसभरात दोनदा फोनजवळ जाऊन बसले. निरंजनला लावला असेल? विचारायची हिंमत होत नाही. पोरीचं काही झालं तर ह्यांना कधी माफ करणार नाही. मलाही नाही.

१९ नोव्हेंबर

गाडी दोनची आणि हे दहालाच स्कूटर घेऊन बाहेर! कुठे, ते सांगितलं नाही. अनुश्रीची काही खबर आहे का म्हणून मेल उघडली. ह्यांची मेल. मला! उघडली तर मजकूर कोरा. नुसता विषय :

"स्टेशनवर मी जातो. निरंजनले काही बोललो नाही. तू वरणफळं कर, महिनाभर नुसतीच वाचून राह्यलो."