सकाळी काय खाल्लंस?

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. मी ठीक आहे. ‘येणं जमणार नाही’ हे तुझं तीन शब्दांचं पत्र पोचलं. मी रागावले नाही. रागवायचा हक्क मला राहिलेला नाही, का ते पुढे येईलच.

परवा बाबांच्या स्टुडिओत त्यांच्यासाठी शोकसभा झाली. तिथेच ते एकतीस वर्षं लोकांच्या कॉलरला माईक लावत होते. मला वाटलं होतं, दहा-पंधरा माणसं येतील. खुर्च्या संपल्या, मागची मंडळी केबलच्या पेट्यांवर टेकली. युद्धातून सुटून एक ट्रंक घेऊन या परक्या देशात आलेला साधा शिपाई, पण इथे सगळे त्यांना ‘जनरल’च म्हणायचे.

बाबा आवाज तपासताना कुणाला एक-दोन-तीन म्हणायला लावायचे नाहीत, ते तुला आठवतं ना? “आकडे म्हणताना माणूस पोपट होतो. खाण्याबद्दल बोलला की त्याचा खरा आवाज लागतो.” म्हणून प्रत्येकाला एकच प्रश्न: सकाळी काय खाल्लं? मेकअपवाली उठून म्हणाली, “माझा नवरा सोडून गेला त्या आठवड्यात गंमत म्हणून जनरलनी मलाच माईक लावला आणि विचारलं. मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर माझ्या आरशापुढे दोन उकडलेली अंडी असायची. कोण ठेवतं, ते त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.” सगळे हसले आणि लगेच सगळ्यांनी नाकं पुसली.

मग दिवे मंद झाले आणि साउंडची सगळी माणसं ओळीने उभी राहिली. प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन, आणि त्याचा डावा भाग कानामागे सरकवलेला. अगदी बाबांसारखा! त्यांची ती ऐट होती, असं सगळ्यांना वाटतं. नवीन येणारेही तसंच लावायला शिकतात म्हणे. मला इतकं हसू आलं की तोंडावर रुमाल धरावा लागला, आणि मग ते हसू राहिलं नाही.

दादा, ती ऐट नव्हती. बाबांना डाव्या कानाने काहीही ऐकू येत नव्हतं.

तोफगोळा शेजारी फुटला तेव्हाच तो कान गेला. इथे आल्यावर हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर राहायचा परवानाही. पुढे कायमचे कागद मिळाले, पण तोवर लपवायची सवय हाडीमाशी मुरली होती. मी बारा वर्षांची असताना डावीकडून हाका मारमारून ते पकडलं. त्यांनी मला शपथ घातली. “दादाला सांगू नकोस. तो भोळा आहे, त्याच्या पोटात काही राहत नाही.” जेवताना ते डावीकडे भिंत येईल असेच बसायचे, आठव.

आता ती सकाळ आठव. तुला आठवायला सांगायची गरज नाही, अकरा वर्षं तू दुसरं काय केलंस? बाबा गाडी चालवत होते, तू त्यांच्या डावीकडे, मी मागे. खिडक्या उघड्या, रस्त्यावर गोंगाट. तू म्हणालास, “बाबा, एकदा ‘राहा’ म्हणा, मी तिकीट फाडून टाकतो.” दोनदा म्हणालास. त्यांनी गिअर बदलला. स्टेशनवर समोर उभे राहून त्यांनी विचारलं, “सकाळी काय खाल्लंस?” आणि तू उत्तर न देता डब्यात चढलास.

मी मागून त्यांच्या खांद्याला हात लावला असता तर पुरलं असतं. शपथ होती, हे खरं. पण दादा, शपथेच्या आड मी दुसरंच लपवलं. तू गेलास की बाबा माझ्या एकटीचे होतील, असं मला वाटलं होतं. परत येताना त्यांनी विचारलं, “तो गाडीत काही म्हणाला का?” मी म्हणाले, “नाही.” त्यानंतर ते दर वर्षी विचारायचे. दर वर्षी मी नाहीच म्हणाले.

शेवटच्या मंगळवारी दवाखान्यात मी त्यांच्या उजव्या कानाशी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. चांगला कान उशीत गेला. मी दुपारभर बोलत राहिले, माफी मागत राहिले. त्यातलं त्यांना काही ऐकू गेलं नाही, आणि तेच त्यांना हवं होतं.

संध्याकाळी आपणहून वळले. म्हणाले, “त्याने तेव्हा उत्तर दिलं नाही. आता विचार.” मी म्हटलं, “आणि काय सांगू?” तर म्हणाले, “एवढंच विचार. आवाजावरून कळेल मला.” दोन दिवसांनी ते गेले.

मला क्षमा करू नकोस, हवं तर माझ्याशी बोलूही नकोस. पण हा निरोप त्यांचा आहे, तो माझ्यावरच्या रागापायी परत पाठवू नकोस. त्यांची खुर्ची भिंतीलगतच आहे. ये, तिच्या उजवीकडे बस, आणि मोठ्याने सांग.

सकाळी काय खाल्लंस?

तुझी, अकरा वर्षं गप्प राहिलेली,
धाकटी