शुक्रवारची शाळा

मार्गशीर्ष अमावस्या, शके १८६५. येळवस.

उठल्या उठल्या एकेकाला विचारत सुटले. सोमलिंगा, कंबर कशी आहे? सूनबाई, रात्री परत ताप आला का गं? इरम्मा, डोळ्याची सूज उतरली का? गोठ्यात जाऊन म्हशीलाही विचारलं, कालपासून नीट खात नव्हती. घर भाच्याचं, सोमलिंगाचं, पण विचारपूस माझ्याकडं. सगळे म्हणाले, बरं आहे. खोटं बोलले असतील. आज आजारी पडायला कुणाला परवडतं!

दुपारी शेतात. कडब्याच्या खोपीत चुना लावलेले पाच दगड मांडले, पूजा झाली, उभ्या ज्वारीवर ताकाची अंबील शिंपडली. मग हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि परत अंबील. सोमलिंगाची लेक इरम्मा चौदाची झाली तरी पोरांबरोबर झाडावर! सोमलिंग ओरडला, "उतर खाली, घोडे!" मी म्हणलं, असू दे रे, वर्षाचा एक दिवस.

येळवसेला सगळं गाव शेतात; आमच्या जळकोटात आज माणूस शोधून सापडला नसता.

पौष शुद्ध प्रतिपदा

नको तेच झालं. काल शाळा तपासणारे साहेब मोटारीनं आले. मठाच्या ओवरीत शाळा भरते, तिला कुलूप! गावात फक्त चावडीवरचा धोंडीबा, त्याचा पाय मोडलाय म्हणून. साहेबांनी विचारलं, मुलं कुठं? तो म्हणाला, "शेतात." मास्तर कुठं? "त्ये बी शेतात." मालक-नोकर, पाटील-कुलकर्णी सगळे शेतात म्हणल्यावर साहेबांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय.

साहेब हैदराबादेकडचे. त्यांना येळवस काय ठाऊक! सरकारी सुट्ट्यांच्या कागदावर ती नाहीच. शाळा खाजगी, मंजुरीवर चालणारी. दारावर शेरा चिकटवून गेले. मंजुरी का काढू नये, त्याचा जवाब पंधरा दिवसांत नळदुर्गच्या मुक्कामी आणून द्या.

शाळा गेली तर इरम्माचं शिकणं संपलं. सोमलिंग तिला दुसऱ्या गावाला धाडायचा नाही. तो तसं बोलूनही गेला.

पौष शुद्ध द्वितीया

चन्नबसप्पा मास्तरांनी नामी गोष्ट केली. म्हणाले, "मी लिहिलं तर साहेब म्हणतील, आळशी मास्तर स्वतःची कातडी वाचवतोय. वरच्या वर्गातल्या सगळ्यांनी जवाब लिहा. ज्याचा पटेल तो नेऊ."

लढाईमुळं कागद मिळत नाही. म्हणून पाटीवर लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं.

इरम्मा पाटी घेऊन माझ्याकडं आली. मी काय पंडित! सासरी दिराच्या पाटीकडं चोरून बघत अक्षरं शिकले, अजून जोडाक्षरात अडखळते. पण पोरगी म्हणाली, "आज्जी, गावातली निम्मी भांडणं तुम्हीच मिटवता. पटवायचं कसं, ते तुम्हाला कळतं." चढले मी हरभऱ्याच्या झाडावर!

पौष शुद्ध चतुर्थी

पहिला खर्डा वाचला आणि हसून हसून पोट दुखलं. पोरीला लिहायची सवय ती मामाला पत्र लिहायची. तिनं तसंच लिहिलं— साहेबांची प्रकृती कशी आहे, बाईसाहेबांची कशी, मुलांची, साहेबांच्या आईची, मोटार चालवणाऱ्याची. पाटीची एक बाजू तब्येतीत संपली! दुसऱ्या बाजूला, अगदी खाली, बारीक अक्षरात: शाळा चालू ठेवावी.

म्हणलं, "पोरी, ताकाला जाऊन भांडं लपवू नगं. मागणं पहिल्या ओळीत."

"पण आज्जी, एकदम मागणं बरं दिसतं का?"

"दारात भांडं घेऊन उभं राहिलं की समोरच्याला कळतं, माप किती घालायचं ते."

पौष शुद्ध पंचमी

दुसरा खर्डा. मागणं पहिल्या ओळीत आलं, पण पुढं सगळी आग! 'साहेबांनी न विचारता, न समजून घेता...' 'ज्यांना गावची रीत माहीत नाही त्यांनी...'

मी सोमलिंगाचा काळा कोट घातला, पाटावर बसले, म्हणलं, "मी साहेब. वाच." तिनं वाचलं. मी म्हणलं, "निघा. मंजुरी रद्द."

"तुम्ही पुढं ऐकलंच नाही!"

"तेच सांगते. साहेबानं पण ऐकलं नसतं."

दुपारी रुसून जेवली नाही. मग रात्रीच्या भाकरीबरोबर दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पौष शुद्ध षष्ठी

आज मास्तरांनी साहेबांचा शेरा फळ्यावर लिहिला. दार बंद होतं. मुलं नव्हती. या गावाला शिक्षणाची गरज नाही. 'एकेक वाक्य तपासा' म्हणाले.

इरम्मा घरी पळतच आली. "आज्जी, पहिली दोन वाक्यं डोळ्यांची आहेत, तिसरं मनाचं! पहिल्या दोन्हींशी भांडायचंच नाही. ती खरीच आहेत. भांडायचं ते तिसऱ्याशी."

चुलीवर दूध उतू गेलं, मला कळलं नाही. साठ वर्षं लोकांची भांडणं ऐकली, पण असं सोलून कुणी दाखवलं नव्हतं. डोळ्यांचं वाक्य आणि मनाचं वाक्य! आता जो बोलेल त्याचं बोलणं असंच सोलते आहे. सून म्हणाली, "भाजीत मीठ जास्त पडलं, तुमचं माझ्याकडं लक्षच नसतं." पहिलं जिभेचं, दुसरं मनाचं.

पौष शुद्ध अष्टमी

मठात बैठक. बंडप्पा पाटील पाय पसरून बसलेले. "अर्ज-बिर्ज कशाला? तुपाचा एक डबा धाडा. साहेब झाला तरी पोट सगळ्यांना असतंय."

मास्तर म्हणाले, "आणि साहेब इमानदार निघाला तर?"

"मग डबा माझ्याकडं परत आणा!"

सगळे हसले. पण मला हसू येईना. डबा गेला तर शाळा वाचेल कदाचित, पण मग पोरं सहा दिवस शिकली ते काय?

इरम्मानं तिसरा खर्डा वाचला. त्यात होतं— येळवसेची सुट्टी घेतली हे आम्ही आधी कळवलं नाही, ही आमची चूक. मास्तर दचकले. "चूक कबूल केली की गळाच दिला हातात!"

मलाही तेच वाटत होतं. मी म्हणलं, येळवसेचं माहात्म्य आधी घाल, काळ्या आईची पूजा, वाडवडिलांची रीत.

इरम्मा म्हणाली, "आज्जी, साहेबांना येळवस माहीत नाही. शाळा माहीत आहे. त्यांना माहीत आहे तिथून सुरुवात करू. आणि चूक त्यांना दिसलीच आहे. आपण लपवली तर बाकीचं पण लपवल्यासारखं वाटेल."

ताकाला जाऊन भांडं लपवू नये, हे मीच शिकवलेलं. माझंच भांडं मला परत मिळालं.

पौष शुद्ध नवमी

सगळ्यांच्यात इरम्माचाच जवाब मास्तरांना पटला. एकच कागद मिळाला. चुकून चालणार नाही. शाई घरची, काजळाची. पोरगी श्वास धरून लिहीत होती, मी दिव्यावर हात धरून.

पौष शुद्ध एकादशी

नळदुर्गला जाऊन आलो. पहाटे बैलगाडी जुंपली— मास्तर, सोमलिंग, इरम्मा, मी. सोमलिंग वाटभर एकच म्हणत होता, "पोरगी कचेरीत तोंड उघडायची नाही. मास्तर वाचतील." बरं म्हणलं.

साहेब वाईट माणूस नाही. बसायला सतरंजी दिली. जवाब मास्तरांनी उर्दूत करून वाचला. साहेबांनी मान हलवली. मग असं विचारलं की आमच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं— "आज तुम येळवस मांगते हो. कल हर गाव अपनी छुट्टी मांगेगा. फिर मदरसा कब चलेगा?"

मदरसा म्हणजे शाळा; मास्तरांनी आम्हाला मराठीत सांगितलं आणि हातातला कागद उलटापालटा करायला लागले. मी कोट घालून नाना प्रश्न विचारले होते, पण हा नाही विचारला! सोमलिंग छताकडं बघत होता.

इरम्मा उठून उभी राहिली. बापाकडं बघितलंच नाही. "साहेब, तुमचं खरं आहे. आम्ही सुट्टी मागत नाही. दिवस बदलून मागतो. तुमच्या कागदाप्रमाणं शाळा शुक्रवारी बंद असते. येळवसेचा दिवस आम्ही शुक्रवारी भरून देऊ."

मास्तरांनी सांगितलं. साहेब हसले. "एक जुमा?"

इथं पोरीनं थांबायचं! जिंकत आलेल्या माणसानं गप बसावं. पण अंगात आलं होतं. "एक कशाला? सगळे!"

मास्तरांचा चेहरा अंबील नासल्यासारखा झाला. साहेबांनी वही मिटली. म्हणाले, "ठीक है बेटी. मैं किसी जुमे को आऊंगा. कौनसा, ये नहीं बताऊंगा. मदरसा भरा मिला तो मंजूरी कायम."

परतीला सोमलिंग बैलांना उगाच हाकारत होता. जळकोट दिसायला लागल्यावर सोमलिंग म्हणाला, "सगळे शुक्रवार. वा!" रागानं म्हणाला का कौतुकानं, कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

पौष शुद्ध द्वादशी, शुक्रवार

पोरं रडत आली. काही आलीच नाहीत. बंडप्पा पाटलांनी आपला नातू गुरांमागं धाडला. इरम्मा त्यांच्या दारात गेली. मी मागं.

"पाटील, तुमचा नातू नसला तर रांग रिकामी दिसंल."

"आणि माझ्या म्हशी रिकाम्या हिंडतील त्याचं?"

"दुपारी सोडतो. सकाळची शाळा, दुपारच्या म्हशी."

"तू मला पटवाया आलीस व्हय गं?"

"व्हय."

पाटील मिशीत हसले. नातू आला, नाक पुसत.

पौष वद्य चतुर्थी, शुक्रवार. संक्रांत.

आजच संक्रांत आणि आजच शुक्रवार! कुणी पोर पाठवेना. इरम्मा घरोघर फिरली. शेवटी तोड निघाली— पोरं शाळेत, तर तिळगूळ पण शाळेतच. बाया वाण घेऊन मठात आल्या. पोरं पुढं पाढे म्हणतात, मागं आमचं हळदीकुंकू! मास्तरांना पहिल्यांदा राग आला, मग लाडू आला, मग राग गेला.

सत्यभामा, आमच्या शेतावर खुरपायला येते ती, कुंकू लावता लावता थांबली. मास्तरांना म्हणाली, "मास्तर, माझं नाव कसं दिसतंय?"

मास्तरांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं. ती बघत राहिली. म्हणाली, "एवढं लांब हाय व्हय! मी आपली आखूड समजत होते."

पौष वद्य एकादशी, शुक्रवार

साहेब आले नाहीत. बाया आल्या! कुणी बोलावलं नव्हतं. सत्यभामा, तिची जाऊ, कमलबाई, आणि तीन-चार. मागच्या भिंतीला टेकून बसल्या. पाट्या नाहीत, म्हणून जमिनीवर राख पसरून बोटानं गिरवलं. कमलबाईला 'क' जमेना. म्हणाली, "ह्यो तर शेपूट असलेला उंदीर!" मग सगळ्याच उंदीर काढायला लागल्या.

मीही बसले. जोडाक्षरं गिरवली. कुणाला न सांगता.

बाहेरून बंडप्पा पाटील ओरडले, "आधी पोरं, आता म्हाताऱ्या! पुढच्या शुक्रवारी म्हशी आणा, आकडा वाढंल!"

सत्यभामा आतूनच म्हणाली, "आणतो की पाटील. तुमच्याच आणतो."

माघ शुद्ध तृतीया, शुक्रवार

साहेब नाहीत. पोरांच्या तीन रांगा, बायांच्या दोन. हरभरा काढायचे दिवस, तरी.

मास्तर दमलेत. सात दिवस शिकवायचं, एक माणूस. इरम्मा बायांना शिकवते. काल सोमलिंग माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "आत्या, ती शिकवते तवा तुमच्यासारखी डोळे बारीक करते." आणि निघून गेला. दुसऱ्या गावाला न धाडायचं, ते पुन्हा बोलला नाही.

माघ शुद्ध दशमी, शुक्रवार

आले! सकाळीच मोटारीचा आवाज. सगळं गाव भिंतीआड. साहेब दारात उभे, पोरं पाढे म्हणतायत, एकही रांग मोकळी नाही. साहेबांनी पोरांना विचारलं, पोरांनी सांगितलं. पाटलाच्या नातवानं नाक न पुसता कविता म्हणली!

मग साहेबांची नजर मागं गेली. बाया पदर ओढून बसलेल्या, बोटं राखेत. "ये कौन?" मास्तर चाचरले. इरम्मा म्हणाली, "ह्या पण शिकतायत साहेब. शुक्रवारच्या." साहेब बराच वेळ बघत राहिले. वहीत लिहिलं, गेले.

रात्री गावात गूळ वाटला. मी सगळ्यांच्या आधी झोपले, आणि सगळ्यांच्या शेवटी डोळा लागला.

माघ वद्य पंचमी

हुकूम आला. मंजुरी कायम. मास्तर रडले.

खाली आणखी दोन ओळी. शुक्रवार सरकारी सुट्टीचा, यापुढं शाळा भरवू नये. आणि बिगर विद्यार्थी बायांचा जमाव परवानगीशिवाय भरू नये.

सत्यभामा संध्याकाळी आली. तिला अजून स्वतःचं निम्मंच नाव लिहिता येतं. तिला सांगितलं. म्हणाली, "मग उरलेलं निम्मं कुठं शिकू, शांताक्का?"

इरम्मा पाटी शोधायला लागली. म्हणलं, राहू दे पोरी, तुझी शाळा वाचली. आता लिहायचं माझं काम. कागद मास्तरांकडून मागून आणला. जोडाक्षरं चुकतील तर चुकोत—

'साहेब, आम्हाला शुक्रवार परत पाहिजे. बायांनी जमून बसायची परवानगी मागितली नाही, ही आमची चूक. ती आता मागतो. तुम्ही ज्याला जमाव म्हणता, तो राखेत अक्षरं गिरवताना तुम्ही स्वतः बघितला आहे. आमच्यातल्या एकीचं नाव अर्धं राहिलं आहे. जवाब लवकर लिहा.'