अंथुर्ण्याच्या टेपवरचा आवाज

अब्बा, तुमचं चुकलं होतं. तुम्ही होतात तोवर हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. आता तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर कागदावर सांगते आहे, त्यात काही मोठा पराक्रम नाही, हेही मला कळतं. पण चुकलं ते चुकलं. लग्नाच्या शूटिंगमधला खरा आवाज काढून टाकायचा आणि सगळीकडे सिनेमाची गाणी लावायची, ही तुमची रीत मला तेव्हाही पटली नव्हती. आजही पटत नाही. आणि गेल्या महिन्यात त्याचा पुरावाच चालत माझ्या दुकानात आला.

अंथुर्ण्याच्या एक बाई होत्या. नवरा लोणी देवकरला कारखान्यात, त्याच्या सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून दोघं बारामतीला आले. पिशवीतून त्यांनी तुम्ही बनवलेली त्यांच्या लग्नाची सीडी काढली. म्हणाल्या, "ताई, ह्यात माझी आई हाय. पाठवणीला ती ओवी म्हनली व्हती. तिचं ओठ हालत्यात, पर वरनं पिच्चरचं गानं वाजतंय. आई जाऊन धा वर्सं झाली. तिचा आवाज कसा व्हता त्यो आता मला आठवत न्हाय. तेवढं गानं खरवडून आईचा आवाज वर काढता यील का?" मी सीडी लावली, पाठवणीपर्यंत पुढे नेली आणि तिथंच थांबवली. ते गाणं मीच लावलं होतं.

त्या लग्नाच्या वेळी मी सतरा वर्षांची आहे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आपला कॉम्प्युटर आहे, अम्मीच्या फोडणीचा ठसका थेट कीबोर्डवर येतो. पाठवणीचा भाग लावताना मी मुद्दाम खरा आवाज तसाच ठेवते. नवरीची आई ओवी सुरू करते न करते, तोच तुम्ही मागून येता आणि आवाज शून्यावर आणता. "रडारड ऐकाया कोन पैसं देतंय व्हय गं? गिऱ्हाइकाला गानं पायजे. लाव गानं." मी म्हणते, पण अब्बा, ती किती चांगलं म्हणते आहे. तुम्ही म्हणता, "धंदा मला शिकवू नगंस." गाणं तुम्ही स्वतः नाही लावलंत, माझ्याकडून लावून घेतलंत. मी त्या दिवशी जेवले नाही. चार दिवसांनी पुण्याहून येताना तुम्ही माझ्यासाठी हेडफोन आणलेत आणि म्हणालात, "तुला ऐकायचं तर तू ऐक. गिऱ्हाइकाला नगं." ती भेट होती की टोमणा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. हेडफोनचे फोम झडले, दोनदा बदलले, पण दुसरे घेतले नाहीत.

बाईंना मी सांगितलं, सीडीत आता आईचा आवाज नाहीच, मूळ टेप सापडली तर बघते. मला आशा नव्हती. एक टेप तुम्ही तीन-तीन लग्नांना वापरायचात, एका नवरीवर दुसरी नवरी. पण तुमच्या जुन्या टेपांच्या पेटीच्या तळाशी अंथुर्ण्याची टेप होती, आणि टेप पुसली जाऊ नये म्हणून तिच्या कडेला असते ती बारीक कळ सरकवलेली होती. मला वाटलं चुकून सरकली असेल. तुमच्याबद्दल काही चांगलं वाटून घ्यायची माझी त्या दिवशी तयारीच नव्हती.

मग टेप तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात घालून कॉम्प्युटरमध्ये उतरवायला बसले. सेकंदाला पंचवीस फ्रेम यायला हव्यात. कॉम्प्युटरला दम लागला की मधल्या काही तो सोडून देतो, आणि तेवढी चित्रं कायमची गळतात. पहिल्या खेपेला शेकड्यांनी गळाल्या. नवरदेव टुणटुण उड्या मारत मांडवात आला. मी बाहेरची डिस्क काढून आतल्या रिकाम्या डिस्कवर घेतलं, नेट तोडलं, अँटिव्हायरस बंद केला, कॅमेऱ्यातलं टेप वाचणारं हेड साफ केलं. शेजारचा मोबाइलवाला म्हणाला, "सोड की ताई, हाय तसं दे. कोन बघतंय आता?" तुमचाच सूर! त्याला म्हटलं, मी बघते. तिसऱ्या दिवशी एकही फ्रेम गळाली नाही. तरी आवाज मागे पडतच होता. सुरुवातीला ओठांबरोबर चालायचा, पाठवणीपर्यंत येता येता नवरीच्या आईचं तोंड मिटायचं आणि शब्द मागाहून यायचे. चौथ्या दिवशी कॅमेऱ्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात माझं लक्ष गेलं. तिथं आवाजाचं माप दिसत होतं, बारा बिट. आणि मी कॉम्प्युटरला सोळा बिटचा आवाज येणार असं सांगून बसले होते, म्हणून तो मागे पडत होता.

ही तुमचीच करामत. सगळे शूटिंगवाले सोळावर ठेवायचे, तुम्ही हट्टाने बारावर. त्यात टेपवर आवाजाची दुसरी जागा मोकळी राहते. गाणं भरायचंच तर तिथं भरता येतं, खाली खरा आवाज शाबूत. कधी कोणाला समजावून सांगितलं नाहीत. मी सेटिंग बदललं, तुमचे हेडफोन घातले आणि टेप पुन्हा पहिल्यापासून लावली.

ओठ आणि आवाज एकत्र आले. बाईंची आई म्हणत होती, लेकीच्या हाताची म्हैस आता कुणापुढं पान्हा सोडंल. एवढं म्हणून तिची नजर कॅमेऱ्याकडे गेली आणि ती लाजून थांबली. त्या दिवशी तुम्ही आवाज बंद केलात तो इथंच, याच्या पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं. आणि माईकच्या अगदी जवळून, माझ्या दोन्ही कानांत, तुम्ही बोललात. "म्हना आक्का, थांबू नगा. आमच्याकडं बगू नगा. म्हना." त्यानंतर ती सलग चार मिनिटं म्हणत राहिली. गोठा आला, विहीर आली, उंबरा आला, आणि तुमचा कॅमेरा एकदाही हलला नाही.

मला रडू आलं नाही अब्बा, संताप आला. म्हणजे तुम्हाला कळत होतं! तुम्हीच तिला म्हणायला लावलंत, टेपची कळ सरकवून ठेवलीत, आणि घरी येऊन मला विचारलंत की रडारड ऐकायला कोण पैसे देतं. मला एका शब्दाने सांगता आलं असतं. "तुझंबी बरोबर हाय, पर धंदा असा हाय," एवढं म्हणाला असतात तर मी मुकाट्यानं गाणं लावलं असतं. तुमचा धाक मला पुरे झाला. माझ्या दुकानात आता खरा आवाज ठेवल्याशिवाय लग्न बाहेर जात नाही. ज्याला नुसती गाणी हवीत त्याला मी दुसरीकडे पाठवते. धंदा बसेल असं सगळे म्हणाले, तो बसलेला नाही.

बाई येऊन ऐकून गेल्या. पदर तोंडाला लावून तीन वेळा ऐकलं. मग विचारलं, "मधी 'म्हना आक्का' म्हनतंय ते कोन?" मी म्हणाले, "असेल कोणी शूटिंगवाला." त्या म्हणाल्या, "त्यो बोलला नसता तर आई गप ऱ्हायली असती. लई उपकार झालं त्याचं."

मी मान खाली घालून पेन ड्राइव्ह पाकिटात घातला. "माझे वडील होते ते," एवढंच सांगायचं होतं. रागाच्या भरात सांगितलं नाही. बाईंचा नंबर माझ्या वहीत आहे, ते सांगायला फोन अजून केलेला नाही.