कोठारातली पावलं

हालिंगदाल,
रविवार, ६ मार्च १९२१

आस्लाकदादास गुनहिलचा नमस्कार.

तू बरा असशील, गायी बऱ्या असतील आणि छपरावरचं बर्फ वेळच्या वेळी उतरवलं असशील, असं धरून चालते. तू लिहीत नाहीस म्हणून माझंही लिहिणं राहतं, असं मी इथे सगळ्यांना सांगते. खरं सांगायचं तर आईला पोचवून आल्यापासून आठ वर्षांत मी तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत हवामानच होतं.

आमचं ठीक चाललं आहे. बोटोल्वचा डावा गुडघा धरला आहे. तरी लाकडं आणायला रानात जातो, आणि परत आला की मीच त्याला हाकललं असल्यासारखा कण्हत बसतो. मामंजी, म्हणजे एम्ब्रिक, चौऱ्याऐंशीचे झाले. कान पार गेले. पण त्यांच्याबद्दल कोणी वाईट बोललं तर ते कसं कोण जाणे, बरोब्बर ऐकू येतं!

आता बातमी. आमच्या बिर्गितचं लग्न ठरलं. मुलगा नदीपलीकडच्या शेतावरचा, गुट्टोर्म नावाचा. कामाला वाघ आहे, बोलायला मात्र उभं केलं की कान लाल होतात. लग्न १८ जूनला, शनिवारी, आमच्याच घरी आहे.

इथे लग्नात फिडल वाजवायचा तो म्हातारा सेव्हात गेल्या शरदात वारला. आता वाजवणार कोण, यावर जेवताना चर्चा चालली होती, तर बिर्गित एकदम म्हणाली, "म्हणजे काय? सख्खा मामा असताना परका कशाला?"

मी म्हटलं, "तो आता वाजवत नाही."

"का?"

मी चुलीवरची पेज उतू चालल्याचं सांगून उठले. पेज उतू जात नव्हती.

तर तू येशील का? माझ्या लग्नात जे झालं ते आता कोणी मनात धरलेलं नाही. स्प्रिंगार नाचाच्या तीन मात्रा दर खोऱ्यात वेगळ्या पडतात, तू डोंगरापलीकडचा. तुझ्या हातून चूक झाली, नाचणारे अडखळले आणि मामंजी रागाच्या भरात नको ते बोलून गेले. आम्ही ते केव्हाच माफ केलं आहे. तूही विसरून जा आणि भाचीच्या लग्नाला ये.

तब्येतीला जप.

तुझी बहीण,
गुनहिल


टेलेमार्क,
१७ मार्च १९२१

गुनहिल,

बिर्गितला माझे आशीर्वाद. आईची चांदीची छातीवरची पिन तिच्यासाठीच ठेवली आहे. जनावरं घेऊन तिकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवीन.

माफ केल्याबद्दल आभारी आहे.

मी येणार नाही. फिडल भिंतीवर आहे. वरच्या चारही तारा तुटल्या. खालच्या, ज्यांना गज कधी लागत नाही, त्या शाबूत आहेत. मी खोकलो की झणझणतात. घरात तेवढीच सोबत.

मला लग्नात कोणी बोलावत नाही. तुझ्या लग्नानंतर इथे माझं नाव पडलं होतं, 'तीन मोजता न येणारा आस्लाक'. जनावरांचे व्यापारी ते डोंगरावरून घेऊन आले. आता ते नाव ठेवणारे बरेचसे गेले आणि नव्या पोरांना मी वाजवायचो हेच ठाऊक नाही. त्यामुळे तसा निवांत आहे.

शिवाय तुमच्याकडची पावलं मला येत नाहीत. मागे एकदा एका जणीने दाखवली होती.

बर्फ अजून खिडकीपर्यंत आहे.

आस्लाक


हालिंगदाल,
बुधवार, ३० मार्च १९२१

दादा,

तुझं पत्र मी गोठ्यात उभी राहून वाचलं. बोटोल्वने विचारलं, "काय म्हणतो आस्लाक?" मी म्हटलं, "बर्फ आहे म्हणे अजून." आणि दूध काढायला बसले. एकाच गायीला दोनदा बसले, ती लाथ मारेपर्यंत कळलं नाही.

'मागे एकदा एका जणीने दाखवली होती.' बावीस वर्षांत तू एवढंच बोललास. आणि मी तुला आधीच्या पत्रात काय लिहिलं? तर आम्ही तुला माफ केलं. हात कसा धजावला माझा? लिहिताना मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. खोटं इतकी वर्षं घरात राहिलं की घरातलंच होऊन जातं.

आता जे झालं ते सरळ लिहिते. तुला माहीत आहे सगळं, पण ते माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असायला हवं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तू पोचलास. दोन दिवस डोंगर तुडवून, फिडल मेंढीच्या कातड्यात गुंडाळून. पायांना फोड आले होते. तरी काही खाण्याआधी मला कोठारात घेऊन गेलास आणि म्हणालास, "गुने, इथले लोक कसे नाचतात ते मला दाखव. माझ्या हाताला आपलंच वळण आहे. उद्या तुझी मान खाली जायला नको."

आणि पालथ्या बादलीवर बसून माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिलास. बाबांनी तुला तसंच शिकवलं होतं, की पाय फसवतात, मात्रा गुडघ्यात असते. गुडघा कुठे वाकतो आणि किती वेळ वाकलेला राहतो ते बघ.

दादा, मला इथला ताल येत होता. त्याआधीचा सगळा उन्हाळा मी इथे डोंगरावरच्या कुरणात गायी राखायला होते. बोटोल्वची न् माझी गाठ तिथलीच. दर शनिवारी नाच व्हायचा. सासूबाईंनी मला मागून कमरेला धरून शिकवलं होतं, "पहिलीला थांबू नकोस गं, पोरी! पहिली उरकायची, दुसरीवर रेंगाळायचं, तिसरी मधली." आपल्याकडे अगदी उलट. पहिली ऐसपैस, दुसरी जरा आखूड, तिसरी चुटपुटती. महिनाभर माझी पावलं अडली, मग एक दिवस दुधाच्या बादल्या घेऊन उतार उतरताना आपोआप जमलं. तिथली वाटच तशी आहे. एक पाय चटकन खाली पडतो, दुसरा दगडावर टेकून थांबतो. मला येत होतं सगळं.

आणि मी तुला आपली पावलं दाखवली. आपल्या खोऱ्यातली.

तू हसून म्हणालास, "अगं, हे तर आपल्यासारखंच आहे!"

"हो. जवळपास."

"उगाच घाबरलो की मी!"

मी असं का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. बावरले होते, दमले होते, अशी उत्तरंही दिली. ती खरी नाहीत. मला माझ्या लग्नात आपला नाच हवा होता. दुसऱ्या दिवसापासून जन्मभर यांचंच सगळं. यांची भाकरी, यांची बोली, यांचा ताल. एक नाच तरी मला माझा हवा होता. आणि खोटं कशाला बोलू, मिरवायचंही होतं. आपल्या खोऱ्यात माझ्यासारखं नाचणारं कोणी नव्हतं, इथे मी महिनाभर अडखळणारी परकी पोर. इथल्यांना माझं नाचणं एकदा दिसू दे, असं वाटलं. बाकीचे सांभाळून घेतील, फार तर हसतील, एवढाच विचार केला. तुझा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी तू वाजवायला बसलास. दोन्ही पायांनी फळीवर ठोका धरलास आणि पहिलाच गज असा ओढलास की माझ्या अंगावर काटा आला. मी नाचले. दादा, त्या अर्ध्या नाचाइतकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही, हेही लिहून टाकते. तू माझ्या गुडघ्यांकडे बघत होतास आणि माझे गुडघे तुला सांगत होते, बरोबर आहे, बरोबर आहे.

बाकीच्यांचं काय झालं ते तू पाहिलंस. बोटोल्वने माझ्या पायावर पाय दिला. मागच्या दोन जोड्या एकमेकांवर आदळल्या. कुणाची तरी आत्या खाली बसली आणि हशा पिकला. माझा नवरीचा मुकुट कलला. मग मामंजींनी टेबलावर मूठ आपटली, "नवरीच्या भावाला तीन मोजता येत नाहीत! कोणी पाजली रे याला एवढी?"

तू थेंबही घेतला नव्हतास.

तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. आणि मी दोन्ही हातांनी माझा मुकुट सरळ केला.

तुला म्हणता आलं असतं, की हिला विचारा, हिनेच दाखवलं. तू बोलला नाहीस. त्या घरात मला राहायचं होतं, म्हणून बोलला नाहीस. फिडल कातड्यात गुंडाळलंस, सेव्हातला जागा दिलीस आणि जेवणाआधीच निघालास. मी तुला पोचवायला फाटकापर्यंतसुद्धा आले नाही. आणि आईच्या दफनाच्या दिवशी तू मला कॉफी ओतून दिलीस आणि विचारलंस, "वाटेत बर्फ लागलं का?" मी म्हटलं, "लागलं थोडं." कप हातात धरून मी रडत होते, लोकांना वाटलं आईसाठी.

गेल्या शनिवारी बोटोल्वने तुझं पत्र मागितलं. वाचलं. चष्मा काढून पुसत बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी सगळे अडखळले. तू नाही अडखळलीस."

मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"माझा हात तुझ्या कमरेवर होता, गुनहिल."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. मग थांबायची सवय झाली."

मी रात्रभर जागी होते, तो मात्र घोरत होता. बावीस वर्षांचं ओझं उतरवलं होतं ना त्याने!

दुसऱ्या दिवशी ईस्टर. प्रार्थना आटोपून सगळे आमच्याकडे कॉफीला जमले. व्याही, शेजारी, तीस तरी माणसं. मी मामंजींच्या शेजारी बसले आणि त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "मामंजी, माझ्या लग्नात आस्लाकची चूक नव्हती."

"काय म्हणतेस?"

"आस्लाकची चूक नव्हती!"

"मासळी कुठली?"

दादा, मला ओरडून सांगावं लागलं. शब्द न् शब्द. "मी त्याला मुद्दाम आमच्याकडची पावलं दाखवली! तो मी दाखवलं तेच वाजवत होता! तो प्यायला नव्हता! मी गप्प बसले!"  सगळ्यांनी ऐकलं, मामंजींच्या आधी ऐकलं. मला वाटलं होतं, एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या कानात सांगून मोकळी होईन. देवाला तेवढी स्वस्तातली सुटका मान्य नव्हती.

मामंजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तो बरोबर वाजवत होता."

"हो."

"आणि मी चांगल्या वादकाला दारुडा म्हटलं." मग माझ्याकडे वळून, "आणि तू म्हणू दिलंस."

 त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. दूध, भाकरी, सगळं बिर्गितकडे मागतात. व्याह्यांकडच्या बायका मला बघून आवाज खाली करतात. मी तक्रार करत नाही. तू हे बावीस वर्षं सोसलंस, माझे अजून तीनच दिवस झालेत.

बिर्गित मात्र संध्याकाळी माझ्याजवळ आली. मी तिला लहानपणापासून कुरणात आपला स्प्रिंगार शिकवला आहे. हा कुठला नाच, असं विचारलं की मी म्हणायचे, असाच, गायींच्या मागे नाचायचा. ती म्हणाली, "आई, तो मामाचा ताल होता?" मी मान हलवली. "मग माझ्या लग्नात पहिला नाच तोच." आता ती गुट्टोर्मला शिकवते आहे. त्याचे कान लाल होतात आणि पावलं चुकतात, पण पोरगा हटत नाही. आणि काल मी कोठारात गेले तर बोटोल्व एकटाच, दुखरा गुडघा धरून, पहिली लांब, दुसरी आखूड, तिसरी चुटपुटती, असं पुटपुटत फिरत होता.

हे सगळं मी तू यावंस म्हणून सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं. तू आला नाहीस तर सेव्हातचा नातू वाजवेल, लग्न काही अडणार नाही, आणि मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. ती पिन आणि तुझा आशीर्वाद पोरीला पुरेल.

पण या पाकिटात चार तारा ठेवल्या आहेत, वरच्या. खालच्या तुझ्याकडे आहेतच.

आलास तर इथला ताल शिकू नकोस. तू आपलाच वाजव. पायांचं आम्ही बघून घेऊ. आणि या वेळी कोणी अडखळलं, तर उठून उभा राहा आणि माझ्याकडे बोट दाखव. मी मुकुट सावरत बसणार नाही.

जिला तू त्या दिवशी एका शब्दानेही उघडं पाडलं नाहीस,
ती तुझी
गुनी