हळू पळणारी पुढे

प्रिय आईस,
धापा टाकणाऱ्या लेकीचा नमस्कार. काळजी नको, पोटभर जेवते.

वसतिगृहात रोज सकाळी पळायचं असतं. खेळाच्या बाई सगळ्यांत हळू पळणारीला पुढे ठेवतात. तिला ओलांडून कुणी जायचं नाही. ती हळू पळणारी मीच. आधी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोटात दुखतंय म्हणून मी अंथरुणातच लोळायचे. मग कळलं, मागे हसत कुणीच नाही, सगळ्या माझ्याच चालीनं पळतायत.

आज बाईंनी मला मागे धाडलं. पुढे नवी मुलगी, अगदी रडवेली. म्हटलं, "पळ गं, आम्ही आहोत मागे."

तुझा गुडघा कसा आहे? बाबा म्हणाले, शेजारणी हसतात म्हणून तू फिरायला जाणं सोडलंस. खरं का? सुट्टीत आले की दोघी जाऊ.

पुढे तू.

तुझी,
ठमी