ओढ्याचा तळ मातीचाच राहिला

अण्णा, काल आनेकलजवळच्या ओढ्याचा हुकूम निघाला. तळाला काँक्रीट घालणार नाहीत. तुम्ही असता तर आधी खालची सही बघितली असती, म्हणून सांगते, सही झाली आहे.

तुम्ही सचिवालयात अधिकारी होतात आणि मी एम.एस्सी.ला. चामराजपेटच्या आपल्या स्वयंपाकघरात एका रविवारी मी तलावांवरचा माझा प्रबंध तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही कॉफी गार होऊ देऊन तो पूर्ण वाचलात. मी कौतुकाची वाट बघते आहे, आणि तुम्ही चष्मा काढून म्हणता, "सरी, ठीक आहे. पण उद्या ऑफिसात जाऊन मी काय करू, ते यात कुठे आहे?" मी चिडले. "ते ठरवणं तुमचं काम." "मग मला ठरवता येईल असं लिही की. एवढं शिकून भिंतीशी काय बोलतेस?" दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात आणि भांडण अर्धंच राहिलं. त्या अर्ध्या भांडणातूनच माझी नोकरी निघाली. संशोधकांना सरकारी माणसांसमोर बसवायचं आणि दोघांना एकमेकांचं कळेल असं करायचं, हेच मी करते.

या ओढ्यावर एका तरुण मुलीनं कितीतरी वर्षं काम केलं. त्याच्या मातीच्या तळातून पाणी मुरतं, म्हणून आसपासच्या विहिरी जगतात, हे तिनं शोधलं. इकडे पूर टाळायला सगळा ओढा काँक्रीटचा करायचं ठरलेलं. सरकारी अभियंत्यांबरोबरच्या बैठकीच्या आदल्या दिवशी ती माझ्या जे. पी. नगरच्या घरी आली, ढीगभर आलेख घेऊन. मी म्हटलं, "हे राहू दे. कन्नडमध्ये सांग, त्यांनी काय बदलायचं." ती रडवेली झाली. "अक्का, इतकं सोपं केलं तर ते खोटं होईल." "जे माहीत नाही, तेही सांग. मग खोटं होणार नाही." संध्याकाळभर आम्ही वाद घातला.

बैठकीत मुख्य अभियंता बाईंनी तिला मधेच तोडलं. "तुमची खात्री आहे?" ती म्हणाली, "तळाबद्दल आहे, मॅडम. बाजूंच्या भिंतींबद्दल मला माहीत नाही. त्या तुम्ही बांधा, तळ मोकळा ठेवा." मग बाईंनी नकाशा स्वतःकडे ओढला. "आजवर इथे कुणी 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि पेन मागून घेऊन त्या दोघी नकाशावर वाकल्या. मला कुणी काही विचारलंच नाही. अण्णा, माझ्या कामात यापेक्षा मोठं यश नसतं.

काल हुकूम आल्यावर गावच्या लोकांनी त्या मुलीला मोगऱ्याचा हार घातला. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या. बातमीत माझं नाव नाही, आणि ते नसावंच, असं मी सगळ्यांना हसून सांगत होते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? इथेच राहील. म्हणून एक कबूल करते. परतताना ऑटोत मी एकटीच होते, आणि मोठ्यानं म्हणाले, "मी केलं हे!" ऑटोवाल्यानं वळून विचारलं, "एनु मॅडम? काय म्हणालात?" मी म्हटलं, "काही नाही." आणि तो पुढे बघायला लागल्यावर पुन्हा एकदा म्हणाले.